गंगेच्या खडीतली दाढ

खरं सांगायचं तर ती दाढ मी दोन मिनिटंसुद्धा नीट बघितली नव्हती. बाहेर बी.एस्सी.च्या पोरी बेडकांचे ट्रे घेऊन ताटकळल्या होत्या, प्रयोगशाळेतला नोकर रजेवर होता, फॉर्मॅलिननं माझे डोळे चुरचुरत होते, आणि त्यात गुरुजी येऊन उभे. हातात कापडी पिशवी, पिशवीत पावडरचा डबा, डब्यात कापूस, आणि कापसात ती दाढ. मी तेव्हा परभणीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. नोकरीला चार वर्षं झाली होती, आणि चार वर्षांत माणसाला जेवढा माज चढतो तेवढा मला पुरेपूर चढला होता.

"पोरी, बघ तर एकदा," गुरुजी म्हणाले. "गंगेच्या खडीत घावली. वर काळी माती, तिच्याखाली पिवळी, पिवळीच्या खाली खडी. तितं. माझ्या हातानं काढली."

आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. गुरुजी दर रविवारी गंगेला जायचे. पूर ओसरला की दरडी कापल्या जातात, मग त्या दरडींच्या कडेकडेनं ते मैल-मैल चालायचे. दगड झालेले शंख, बैलाच्या शिंगाचा तुकडा, कुठल्याशा हरणाचा पाय, असं काय काय त्यांनी बिस्किटांच्या डब्यांत भरून ठेवलं होतं. प्रत्येकाला चिठ्ठी, चिठ्ठीवर जागा आणि वार. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. एका मासिकात गोदावरीच्या खोऱ्यातल्या जुन्या हत्तींबद्दल काहीतरी वाचलं आणि नाद लागला, एवढंच.

मला तिसरी-चौथी त्यांनीच शिकवली, आमच्या गावात. नंतर त्यांची बदली झाली. ते बौद्ध. नामांतराची दंगल झाली त्या साली त्यांच्या स्वतःच्या गावातलं घर जाळलं गेलं, तेव्हा बायकोला आणि दोन ट्रंका घेऊन ते निघाले आणि सगळा जिल्हा सोडून बदली मागितली ती पुन्हा आमच्याच गावाला. माझे वडील मी लहान असतानाच गेलेले. चुलत्यांनी मला वाढवलं, शिकवलं. त्या काकांनी गुरुजींना शाळेमागची खोली दिली आणि आठ दिवस स्वतः काठी घेऊन त्यांच्या ओट्यावर झोपले. हे खरं आहे. काका ही गोष्ट नंतर दर सणासुदीला सांगायचे, आणि सांगायचे ते गुरुजी समोर बसलेले असतानाच. गुरुजी खाली मान घालून ऐकायचे. मला तेव्हाही ते बरं वाटायचं नाही, पण मी कधी तोंड उघडलं नाही.

तर ती दाढ. चिंचोक्याएवढी, काळपट तपकिरी, हातात घेतली की दगडाचं वजन लागायचं. माथ्यावर चार बुटके उंचवटे, मुळं मोडलेली. मी भिंग लावलं, एकदा इकडून, एकदा तिकडून पाहिलं आणि म्हणाले, "गुरुजी, ही माणसाची दिसते हो. लहान मुलाची."

गुरुजी मटकन स्टुलावर बसले. "खरं म्हणतीस?"

"बघा ना, आपल्या दाढेसारखीच आहे."

"म्हंजी आपल्या गंगेवर तवा माणूस राहत व्हता? हत्तीच्या काळात?" त्यांचे डोळे भरून आले. छप्पन वर्षांचा माणूस, आणि पेढे वाटायला निघाल्यासारखा चेहरा. "पोरी, लिहून दे. मला कुणी खरं मानणार न्हाई. तू शिकलेली. लिहून दे."

मला आतून गुदगुल्या झाल्या, का नाही होणार? कॉलेजच्या छापील कागदावर लिहून दिलं: सदर दात हा मानवी दाढ, बहुधा लहान मुलाची, असल्याचे प्रथमदर्शनी दिसते. खाली सही, सहीखाली डिग्री. दाढ माझ्याकडेच ठेवून घेतली, कारण तोवर माझ्या डोक्यात वर्तमानपत्रातला लेख तयार व्हायला लागला होता. पोरी बाहेरून ओरडल्या, "मॅडम, बेडूक सुकायलेत!" गुरुजी कागद दुमडून खिशात घालून गेले.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मला ठाऊक होती आणि त्या दोन मिनिटांत आठवायला हवी होती. त्याच्या आदल्या श्रावणात काकांची नात गेली. साडेतीन वर्षांची पोर, तापानं दोन दिवसांत गेली. एवढ्या लहान लेकरांना आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. तिला गंगेच्या काठी, बाभळीखाली पुरलं. पाचव्या दिवशी मी स्वतः गावात होते. वहिनी, म्हणजे त्या पोरीची आई, माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती, आणि तिच्या मुठीत पोरीची बांगडी होती. इतकं सगळं बघून आलेली मी, आणि गुरुजींना लिहून देताना माझ्या मनाला ते शिवलंसुद्धा नाही. म्हणे शिकलेली!

दिवाळीनंतर वहिनीला झटके यायला लागले होते. आधी दातखीळ बसायची, मग ती कुत्र्यासारखी भुंकायची. तिच्या साडीच्या काठावर बिब्ब्याच्या काळ्या फुल्या उमटलेल्या सापडल्या. भाताच्या पातेल्यात शेण निघालं. दुसरीकडे लोक काय म्हणतील ते म्हणोत, आमच्या भागात याला एकच नाव आहे, भानामती. आणि भानामती आपोआप होत नाही, ती कुणीतरी करतं. कोण करतं, हे शोधेपर्यंत गावाला चैन पडत नाही. काकांनी मानवतच्या पलीकडून एक जाणता आणला. तो दोन दिवस कोंबडी आणि दारू खाऊन-पिऊन म्हणाला, "करणारा लांबचा न्हाई. अक्षर शिकलेला हाय. गंगेवर त्याचं येणंजाणं हाय." एवढं बोलून तो गेला. नाव घेतलं नाही.

गुरुजींची एक पद्धत होती. नदीत सापडलेलं हाड नुसतं जुनं आहे की त्याचा दगड झालाय हे ओळखायला ते जिभेला लावायचे. दगड झालेलं हाड जिभेला चिकटतं, ताजं चिकटत नाही. पद्धत बरोबर आहे, मोठमोठे अभ्यासक हेच करतात. पण शाळेतल्या पोरांनी ते बघितलं होतं, आणि घरी जाऊन सांगितलं होतं की गुरुजी गंगेवर हाडं चाटतात. दोन-चार वर्षं गाव त्यावर हसलं. "गुरुजी, आज काय चवीचं घावलं?" असं पारावरची माणसं विचारायची आणि गुरुजीही हसायचे. जाणता येऊन गेल्यावर कुणी हसेना.

हे मला तुकड्यातुकड्यानं नंतर कळलं. मला त्या वेळी कळलं ते एवढंच, की कागद दिल्यावर दहा-बारा दिवसांनी गुरुजींचं कार्ड आलं. अक्षर नेहमीसारखं, फळ्यावरचं.

"चि. सौ. नव्हे, चि. प्राध्यापक बाईस अनेक आशीर्वाद," अशी त्यांची थट्टेची सुरुवात असायची. यावेळी ती नव्हती. "तुझा कागद मी शाळेत प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवला. आनंदाच्या भरात चूक झाली. त्यावरून गावात भानामतीचं बोलणं चालू आहे. तुझी वहिनी दोनदा शाळेत येऊन दात मागून गेली. दात तुझ्याकडे आहे हे तिला पटत नाही. तो माणसाचा नसण्याची शक्यता असेल तर पुन्हा तपासून तसं लवकर लिहून पाठव. माझी निराशा होईल याचा विचार करू नकोस."

मी ते उभ्याउभ्या वाचलं. बोलणं चालू आहे म्हणजे काय, हे मला चांगलं माहीत होतं. भानामती करणाऱ्याचे समोरचे दात काढतात. दात गेले की मंत्राचे उच्चार तोंडातून सरळ निघत नाहीत, आणि उच्चार चुकला की केलेलं उलटतं, अशी समजूत. मी दुसरीत असताना गावाच्या कडेला राहणाऱ्या एका म्हातारीचे दात दगडानं पाडले होते. ती बोलली की तोंडातून वारा निघायचा, आणि आम्ही पोरं तिच्या मागे तसंच बोलत फिरायचो. मरेपर्यंत ती तोंडावर पदर धरून राहिली. गावात कुणी त्याला गुन्हा म्हटलं नाही. इलाज म्हणत.

दुसऱ्याच दिवशी, बुधवारी, मी दाढ घेऊन जनावरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजात गेले. तिथे हाडांचा विषय शिकवणारे एक वयस्कर सर होते. जन्म गेला त्यांचा कवट्या उकळण्यात. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, दाढ नखानं फिरवली आणि हसायलाच लागले.

"कुणी सांगितलं माणसाची म्हणून?"

मी कापूस सारखा करत राहिले.

"अहो बाई, हे डुक्कर आहे. पिल्लू. वरच्या जबड्यातली दुधाची दाढ. नवख्या माणसाला फसवतेच ती." उठले, कपाटातून एक पिवळा पडलेला जबडा काढला आणि दाढ त्या जबड्यातल्या दाढेशेजारी ठेवली. "या चार मोठ्या गाठी दिसतात ना, त्यांच्या मधल्या बेचक्यात ह्या बारक्या गाठी बघा. ह्या सुरकुत्या बघा. आपल्या दाढेत असं नसतं. जुनी आहे मात्र, पार दगड झालाय. रानडुक्कर असेल. चांगली वस्तू आहे. पण माणूस? काय राव!"

आणि पुन्हा हसले. मनात काही नव्हतं त्यांच्या. जबडा मला वापरायला दिला, वर चहा पाजला. मी बाहेर पडले तेव्हा माझे कान जळत होते.

इथून पुढचे आठ-नऊ दिवस मी काय केलं ते सांगते. बुधवारी घरी येऊन कार्ड लिहायला घेतलं. 'गुरुजी, दाढ डुकराची आहे' असं लिहिलं आणि ते वाक्य इतकं मूर्खासारखं दिसलं, की मी कार्ड फाडलं. स्टाफरूममध्ये मी आधीच सगळ्यांना सांगून बसले होते. आमचे विभागप्रमुख, जे एरवी माझ्याकडे बघतही नसत, ते म्हणाले होते, "वा, नाव काढलंत." वर्तमानपत्राच्या लेखाची तीन पानं लिहून झाली होती. आता कुठल्या तोंडानं सांगायचं? गुरुवारी प्रॅक्टिकल परीक्षा सुरू झाल्या. शुक्रवारी म्हटलं, नुसतं 'डुक्कर' कसं लिहायचं, व्यवस्थित कारणं देऊन लिहू, पहिल्या वेळी मुळं मोडलेली असल्यानं असं झालं, तसं झालं, म्हणजे मी अगदीच गाढव ठरणार नाही. शनिवारी बाहेरचे परीक्षक आले. रविवारी मी केस धुतले. हो, रविवारी मी केस धुतले आणि दुपारी झोपले, आणि उठले तेव्हा छातीत धडधडत होतं. स्वप्न पडलं नव्हतं काही. नुसतंच धडधडत होतं. मी स्वतःला दटावलं, की काका आहेत ना गावात. ज्यांनी गुरुजींना राखलं ते त्यांना काही होऊ देतील का?

असं म्हटलं की बरं वाटायचं. मग तासाभरात पुन्हा ती म्हातारी आठवायची. तरी मी कार्ड लिहिलं नाही. भीती खरी होती आणि लाजही खरी होती, आणि त्या आठवड्यात लाज जड पडली. याहून चांगलं कारण माझ्यापाशी तेव्हाही नव्हतं, आजही नाही.

पुढच्या गुरुवारी दुसरं कार्ड आलं. दोनच ओळी.

"दाढेची आता घाई नाही. सवडीनं ये. तब्येतीला जप."

पहिल्यांदा वाचलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. चला, मिटलं वाटतं. कार्ड टेबलावर ठेवलं, पाणी प्यायले, परत उचललं. अक्षर त्यांचंच होतं, पण ओळी उताराला लागल्या होत्या. फळ्यावर पस्तीस वर्षं सरळ रेघेत लिहिणाऱ्या माणसाची ओळ खाली गेली होती. शुक्रवारी रजा टाकली, जबडा आणि दाढ पिशवीत घातली आणि सकाळची एसटी धरली. मानवतला गाडी बदलायला तासभर बसावं लागलं. त्या तासात मी मनातल्या मनात गावापुढे करायचं भाषण तयार करत होते. हा जबडा, ही दाढ, बघा, जुळतंय की नाही? डोळ्यांनी बघितल्यावर कोण नाही म्हणेल?

गावात उतरले तेव्हा अकरा वाजले असतील. शाळा भरायची वेळ, आणि शाळेला कुलूप. पोरं पटांगणात गोट्या खेळत होती. पारावर बसलेल्यांपैकी एक जण उठून उभा राहिला. आयुष्यात कधी माझ्याशी बोलला नव्हता. "या बाईसाहेब," म्हणाला, "तुमच्यामुळं उजेड पडला बघा." बाकीच्यांनी माना हलवल्या. मी काकांच्या घराकडे चालायला लागले.

काका वाड्याच्या दारालगतच्या ढाळजेत बसले होते. मला बघून मनापासून आनंदले. "ये गं बाय. ऊन लय झालंय. आधी पाणी घे."

"काका, गुरुजी कुठे आहेत?"

"हाईत की घरी. मिटलं सगळं. तू काळजी करू नको."

"काय मिटलं?"

काकांनी अडकित्ता बाजूला ठेवला. मला आजही त्यांचा तो चेहरा दिसतो. लपवाछपवी नव्हती त्यात काही. घरातलं एक अवघड काम नीट पार पडल्यावर माणूस जसा सांगतो, तसं सांगत होते. "हे बघ. पोरं लय भडकली व्हती. दगड घेऊन निघाली व्हती रातच्याला. मी आडवा झालो. म्हणलं, मास्तरला हात लावायचा न्हाई. त्या साली राखलं ते काय आज मारायला? काय करायचं ते रीतीनं करू. मंग सोमवारी मीच घेऊन गेलो परभणीला, बाजारातल्या दातवाल्याकडं. वरचे चार, खालचे चार. सुई टोचून, भूल देऊन. येक थेंब इकडं तिकडं झाला न्हाई. मास्तरनी सोता सांगितलं दातवाल्याला, दुखायलेत म्हणून. कुणावर बालंट न्हाई, पोलीस न्हाई, काई न्हाई."

सोमवारी. मला कळून तेव्हा पाच दिवस झाले होते. तो दातवाला माझ्या खोलीपासून चालत दहा मिनिटांवर बसायचा. येताजाता त्याची पाटी मी रोज बघायचे.

मी काय काय बोलले ते मला धड आठवत नाही. ओरडले एवढं नक्की. तुम्ही माणसं आहात का, असं विचारलं. ज्यांच्या जिवावर शिकले त्या काकांना मी त्या दिवशी अरेतुरे केलं. पिशवी उपडी केली. "हे बघा! हा डुकराचा जबडा, ही दाढ. डुकराची आहे ती! माणसाची नाहीच!"

काकांनी जबडा हातात घेतला. दाढ घेतली, शेजारी धरली. शेतकरी माणूस, जनावराचं तोंड बघून वय सांगणारा. त्यांना समजायला क्षण लागला नाही. त्यांनी दाढ पुन्हा जबड्याला लावून बघितली.

"मंग तू तर माणसाची म्हणून लिवलीस," ते शेवटी म्हणाले. आवाज अगदी बारीक. "आमी अडाणी. घरची लेक सही करून लिहून देती, तिच्यावर इस्वास ठिवायचा न्हाई तर कुणावर ठिवायचा?"

तेवढ्यात आतून वहिनी पाणी घेऊन आली. काकांनी पटकन जबडा धोतराच्या सोग्याखाली झाकला. वहिनीनं वेणी घातली होती, कपाळ स्वच्छ होतं. मागच्या वेळी बघितलेली ती हीच बाई, हे खरं वाटेना. तिनं तांब्या ठेवला आणि वाकून माझे पाय धरले. "ताई, तुमच्यामुळं सुटले मी. चार दिवस झाले, काईच झालं न्हाई. झोप लागायली." मग हात पुढे केला. "दात आणलाव का? माझ्या लेकराचा? दिसभर चैन न्हाई मला. परत तिच्यापाशी पुरायचाय."

मी काकांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, नको म्हणून. ती मान हलवणं धाकाचं नव्हतं. म्हातारा गयावया करत होता. ती आत गेल्यावर म्हणाले, "हिच्यापुढं डुकराचं नाव काढू नको. हात जोडतो. येक गेलं, हिला तरी जगू दे." मी दाढ त्यांच्या हातातून हिसकून घेतली, जबडा उचलला आणि निघाले.

गुरुजी खोलीत खाटेवर बसले होते, भिंतीला पाठ लावून. तोंडाला उपरणं. गाल सुजून वर आलेले, हनुवटी आत गेलेली. मी ओळखलं ते डोळ्यांवरून. त्यांची बायको चुलीपाशी तांदूळ निवडत होती, ती वळली नाही. बिस्किटांचे डबे कोपऱ्यात नव्हते. ते गंगेत टाकले, असं नंतर समजलं. त्यांनी स्वतःच टाकले होते.

"ये," ते म्हणाले. त्यांचं बोलणं मला एकदम कळत नव्हतं, दोनदोनदा विचारावं लागत होतं, आणि विचारताना मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. इथे मी ते सरळ करून लिहिते आहे. "काय निघालं?"

मी जबडा त्यांच्या मांडीवर ठेवला आणि दाढ शेजारी. त्यांनी चष्मा घातला. बारक्या गाठी मी दाखवायच्या आधीच त्यांनी बघितल्या, त्यांवरून बोट फिरवलं, आणि त्या सुजलेल्या चेहऱ्यावर कसलंसं कुतूहल आलं. "डुक्कर. पिल्लू दिसतंय. आसं हाय व्हय." थोडं थांबून म्हणाले, "म्या बघायला पाहिजे व्हतं. गावात काय कमी जबडे हाईत?"

"वहिनी दाढ मागायलीय, गुरुजी. पुरायला."

"मग दे की." बोलताना दुखत होतं त्यांना, दर दोन शब्दांनी थांबत होते. "तिचं लेकरू गेलंय. दे. मला काय करायची आता?"

मला रडू फुटलं. गुरुजी मला रडू देत बसून राहिले. मग उपरण्यानं तोंड टिपून म्हणाले, "सोमवारी तुझ्या कालिजवरूनच गेलो आमी. मी तुझ्या काकाला म्हणलं, रिक्षा जरा थांबवा, एकदा पोरीला इचारून येतो. तिनं पुन्यांदा तपासलं आसंल. ते म्हणले, मास्तर, तिला कळलं आसतं तर तिनं कळवलं नसतं का? परीक्षा चालू हायेत तिच्या, कशाला तरास द्यायचा. मलाबी ते पटलं."

चुलीपाशी तांदूळ निवडण्याचा आवाज थांबला होता.

"तुला कवा कळलं गं?" गुरुजींनी विचारलं.

त्यांनी ते सहज विचारलं. त्यात आरोप नव्हता. विद्यार्थ्याला तारीख विचारावी तसं.

"काल," मी म्हणाले.

गुरुजींनी मान हलवली. "मग बरोबरच म्हणले तुझे काका," ते म्हणाले, आणि बायकोला माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला.